एक वाटी चिंचोके

माझा नातू सव्वाचार वर्षांचा. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खेळण्यांनी भरलेले दोन ड्रम, आणि तरी दिवसातून दहा वेळा "आजी, बोअर होतंय". सांगलीकडे 27 वर्षं बालवाडी चालवली मी, हे वाक्य कुणा पोराच्या तोंडून ऐकलं नव्हतं. यंदा चिंच फोडल्यावर निघालेले चिंचोके पिशवीत बांधले आणि घेऊन गेले. त्यांचं काय करायचं, ते सांगते.

आधी धोक्याचं. तीन वर्षांखालच्या मुलाला चिंचोके द्यायचेच नाहीत, घशात अडकतात. त्याहून मोठी मुलं नाकात घालतात. बालवाडीत एका मुलीने हरभरा घातला होता, तो आत फुगला आणि मला दुसऱ्या दिवशी कळलं. असं झालं तर चिमटा घेऊन बसू नका, दाणा आणखी आत सरकतो. सरळ डॉक्टरकडे जा. म्हणून चिंचोके पन्नासच द्यायचे, मोजून, आणि खेळ संपला की मोजून परत घ्यायचे. धाकटं भावंड रांगत असेल तर तेवढा वेळ त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा.

चिंचोके धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा. गर राहिला की मुंग्या आल्याच. परात स्टीलची घ्या, आवाज यायला हवा. सोबत दोन वाट्या, एक फुलपात्र, एक चमचा. एवढं पुरे.

पुढचं काम तुमचं, आणि तेच जड जातं. वीस मिनिटं गप्प बसायचं. मोबाइल नको, मेथी निवडायला घ्या. "हे काय केलंस?", "असं कर" काही नाही. मूल काही दाखवायला आलं तर बघायचं, तेवढंच.

पहिल्या दिवशी नातवाने नुसते ओतले. या वाटीतून त्या वाटीत, त्या वाटीतून या वाटीत. सूनबाई दारातून म्हणाली, "आई, हा नुसता ओततोय." म्हटलं, ओतू दे. वाटी किती कलती केली की एकच पडतो आणि किती केली की सगळे भडाभडा येतात, हे मनगटाला कळायला लागतं. उद्या पेन्सिल याच हाताने धरायची आहे. तिसऱ्या दिवशी चिंचोक्यांचा भात झाला, फुलपात्राचा कुकर. तोंडाने तीन शिट्ट्या, आणि मग माझ्यापुढे वाटी: "गरम आहे हं, फुंकून खा." हुबेहूब त्याच्या आईचा सूर. सूनबाई तेव्हा हसली.

मोजायची घाई करू नका. या वयात तोंड पुढे धावतं, बोट मागे राहतं; सात चिंचोक्यांचे दहा होतात. सहा चिंचोके जवळजवळ मांडा, खाली दुसरे सहा लांब-लांब. कुठे जास्त आहेत विचारा. खालच्या ओळीवर बोट ठेवेल. चुकलास म्हणू नका. सहा-सात वर्षांचं झालं की बहुतेकदा आपणच हसेल. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हेच नीट मांडून दाखवलं.

समुद्रकाठच्या बोर्डी गावात 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मॉन्टेसरी या बालशिक्षण पद्धतीचं महागडं साहित्य खेड्याला परवडणारं नव्हतं. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं हाताशी घेतली. दुकानातली 'एज्युकेशनल' पेटी बघितली की मला ते आठवतं, आणि किंमत बघून जास्तच आठवतं.

पाच वर्षांच्या पुढे चिंचोका फोडून द्या. फोडायचं काम मोठ्यांनी करायचं. दोन डाळी होतात, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. डाळ खरखरीत फरशीवर घासली की चांगली तापते. शेजाऱ्याच्या दंडाला लावून किंचाळी ऐकणे हा खेळ आमच्या पिढीने भरपूर खेळला. शिकवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. चार डाळी म्हणजे फासे. जितक्या पांढऱ्या वर, तितकी घरं, सगळ्या तपकिरी पडल्या तर आठ. खडूने पाच बाय पाच घरं आखा. वाट बघणं आणि हरणं, दोन्ही इथे येतं.

नातवाला अजून पाच झाली नाहीत, पण मी धीर धरला नाही, आखलाच पट. परवा तो हरला आणि चारही डाळी फ्रिजखाली ढकलून दिल्या. मी मेथी निवडत राहिले. जरा वेळाने फुटपट्टी घेऊन आला, पालथा पडला. तीनच निघाल्या.


चौथी अजून फ्रिजखाली आहे.