परदेशात भूकंप झाला तर नाशिकहून मदत कशी पाठवायची

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळला भूकंप झाला तेव्हा आम्ही गंगापूर रोडला दोन दिवसात कपड्यांची खोकी जमवली, पण तिकडे उतरवून कोण घेणार हेच कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे ती पावसाळा लागेपर्यंत गोडाऊनमध्येच पडून राहिली. एक खोकं उघडलं तर वर जरीकाठाची साडी आणि खाली अर्धी संपलेली खोकल्याच्या औषधाची बाटली. देणाऱ्यांनी अगदी मनापासून दिलं होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

तर आधी तिथल्या सरकारने काय मागितलंय ते बघा. बाहेरची मदत त्या देशाच्या संमतीनेच आत जाते, युनोच्या १९९१ च्या ठरावात तसं स्पष्ट आहे. मग युनोचं ओचा हे ऑफिस सगळ्यांची मोट बांधतं, आणि २००५ पासून पाणी, आरोग्य, निवारा अशी कामं क्लस्टरमध्ये, म्हणजे एकेका कामासाठी केलेल्या संस्थांच्या गटांमध्ये, वाटलेली असतात.

खरा जीव आहे तो ओचाच्या 'कोण, काय, कुठे' या तक्त्यात. आपल्याकडे गोदेला पूर आला की सगळं गाव नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, पाणी तिच्या कमरेला लागलं की सराफ बाजारवाले सामान हलवायला लागतात, कुणी वेगळं सांगावं लागत नाही. हा तक्ता तसाच, तंबू कुठल्या गावात पोचले नि कुठे नाही ते सगळ्यांना एकाच जागी दिसतं. तुमच्या ग्रुपची पण एक शीट करा: गाव, वस्तू, किती, कोण नेणार, पोचलं का. शेवटचा रकाना एकाच माणसाने भरायचा, आणि तिकडून होकार आल्यावरच.

शक्यतो पैसेच द्या, तिथे आधीपासून काम करणाऱ्या रजिस्टर्ड संस्थेला. काठमांडूला तेव्हा एकच धावपट्टी, विमानं उतरायला जागा मिळेना म्हणून काही परत फिरली, तिथे आपल्या जुन्या कपड्यांनी जागा का अडवायची?

वस्तूच मागितल्या असतील तर आकडा मांडा. स्फिअरच्या, म्हणजे मदतकार्यात जगभर वापरतात त्या किमान निकषांत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक संडास धरतात, म्हणजे ५०० माणसांच्या कॅम्पला रोजचं साडेसात हजार लिटर पाणी आणि २५ संडास. बिसलेरीच्या बाटल्या किती पुरणार! त्यापेक्षा टाक्या, जेरीकॅन, क्लोरीनच्या गोळ्या बघा.

आणि तिकडच्या माणसाला ग्रुपमधल्या प्रत्येकाने फोन करू नका, तो ढिगाऱ्यात उभा असतो आणि चार्जिंगचे वांधे असतात. एकानेच, रोज ठरलेल्या वेळी करायचा.