रात्री घरातलं माणूस सावरत नसेल तर नागपुरात काय करायचं, कुठे जायचं

आधी नंबर, कारण तुमच्याकडे आत्ता वेळ नसेल. माणसानं विष, गोळ्या असं काही खाल्लं-प्यालं असेल, जखम करून घेतली असेल, शुद्ध जात असेल तर १०८ लावा, अँब्युलन्स फुकट येते आणि सोबत डॉक्टर असतात. कोणाच्या जिवाला धोका आहे, हातात काही घेऊन उभा आहे, किंवा घरातून निघून गेला आहे, तर ११२. आणि अंगाला काही झालं नाही पण मरायचं बोलून राहिला, रडणं थांबत नाही, काही समजूनच घेत नाही, तर १४४१६. हे टेली मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनी लावला तरी चालतो. तुम्ही स्वतःसाठीच वाचत असाल तर बाकीचं राहू द्या, १४४१६ लावा आणि बाजूच्या खोलीत जो कोणी झोपला असेल त्याला उठवा, "मला आत्ता एकटं राहायचं नाही" एवढंच सांगा.

आमच्या मामांच्या वेळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मे महिना, चार रात्री झोप नाही, पाचव्या रात्री ते जिन्यात येऊन बसले, म्हणे कूलरच्या आवाजात कोणीतरी माझं नाव घेऊन राहिलं. पायात एकच चप्पल. मामी मागच्या पायरीवर बसून त्यांचा शर्ट मुठीत धरून होती, दोन तास धरून होती, पाणी प्यायलाही उठली नाही. आणि आम्ही त्या दोन तासांत काय केलं, तर नातेवाईकांना फोन. कोणी म्हणे सकाळी बघू, कोणी म्हणे बाहेरचं आहे, एकाला उतारा करणारा माहीत होता. मग एका प्रायव्हेट दवाखान्यात नेलं तर त्यांनी गेटवरूनच सांगितलं की असे पेशंट आम्ही घेत नाही. शेवटी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो, तिथे घेतलं.

म्हणून रात्रीची वेळ असेल तर फिरत बसू नका, सरळ मेडिकल नाहीतर मेयोची (म्हणजे इंदिरा गांधी सरकारी दवाखान्याची) कॅज्युअल्टी, म्हणजे इमर्जन्सी विभाग गाठा, जे जवळ असेल ते. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. मिहानकडे राहत असाल तर एम्स. कोराडी रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, ज्याला आपल्याकडे लोक अजून पागलखाना म्हणतात आणि म्हणूनच न्यायला लाजतात, ते राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे, दिवसा तिथल्या ओपीडीत नेता येतं, लाजू नका.

आधी कॅज्युअल्टी म्हणायचं अजून एक कारण आहे. एकदम भ्रमिष्टासारखं बोलणं नेहमी मनाचंच असतं असं नाही. शुगर खाली गेली, ताप डोक्यात गेला, डोक्याला मार लागला, किंवा रोज पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली आणि दोन-तीन दिवसांनी हात थरथरून काहीबाही दिसायला लागलं, तरी माणूस असाच वागतो, आणि यातलं काहीही जीव घेऊ शकतं. घरी शुगरचं मशीन असेल तर निघण्याआधी चेक करा. काही गिळलं असेल तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, ती बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या.

गाडी येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका, बाथरूमला गेला तरी कडी लावू देऊ नका. घरातल्या गोळ्या, शेतीचं औषध, धारदार वस्तू गुपचूप शेजारच्यांकडे देऊन टाका. आणि थेट विचारा, "दादा, जीव द्यायचा विचार येऊन राहिला का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं. आवाज ऐकू येतात म्हणत असेल तर खोटं आहे म्हणून भांडू नका आणि हो हो मलाही येतात असंही म्हणू नका, "तुम्हाला भीती वाटून राहिली ना, मी इथेच आहे" इतकंच. एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी खोलीबाहेर थांबायचं. बांधून ठेवायचं तर अजिबात नाही.

लोक पोलीस केसला घाबरून १०८ लावत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्यासाठी त्याला शिक्षा करत नाहीत, उलट त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे. याच कायद्यात कलम ९४ आहे, इमर्जन्सीत कोणताही रजिस्टर्ड डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, पेशंटच्या वतीनं नेमलेलं माणूस हजर असेल तर त्याची संमती घेऊन. त्या कलमाखाली शॉक देता येत नाही. मामी हेच पुन्हा पुन्हा विचारत होती, "शॉक तर नाही ना देणार?" तेव्हा मला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. ११२ ला फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा की माणूस आजारी आहे, दवाखान्यात न्यायला मदत पाहिजे.

सोबत आधार कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं, जुनी चिठ्ठी, आणि एका कागदावर लिहून न्या: किती रात्री झोपला नाही, शेवटचं कधी जेवला, दारू कधी घेतली, काय बोलला. तिथे गेल्यावर आपल्यालाच सुचत नाही.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे नाजूक असतात. गोळ्या घरच्या एकानं आपल्या ताब्यात ठेवून एका वेळच्या हातात द्यायच्या, चार दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत, आणि फॉलोअपची तारीख चुकवायची नाही. मामांच्या गोळ्या आजही मामीच्या डब्यात असतात, आणि १४४१६ तिनं फ्रिजवर मार्करनं मोठ्ठा लिहून ठेवलाय.