धरणाकाठी कॅम्पिंगला निघालात? जागा निवडताना या चुका टाळा

पुण्याच्या आसपास ‘लेकसाइड कॅम्पिंग’ म्हणून जे विकलं जातं ते जवळपास सगळं धरणाच्या फुगवट्याच्या काठावर असतं. पवना, मुळशी, पानशेत, वरसगाव, भाटघर. आणखी लांब जायची तयारी असेल तर भंडारदरा किंवा उजनी. आणि धरणाचा काठ एका जागी थांबत नाही. ऑक्टोबरात तंबूच्या दाराशी असलेलं पाणी मे महिन्यात शोधायला चालत जावं लागतं, आणि जुलैच्या मुसळधार पावसात तेच पाणी रातोरात वर सरकतं. जागा निवडताना लोक फसतात ते बहुतेक वेळा हा हिशेब न केल्यामुळे.

फोटो बघून बुकिंग करणं

जाहिरातीतला फोटो हमखास सप्टेंबर-ऑक्टोबरातला असतो. धरण काठोकाठ, डोंगर हिरवे, मागे तुंग नाहीतर तिकोना किल्ला. तुम्ही मात्र मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलच्या शेवटी निघता. तोवर सिंचनाला, शहरांना पाणी देऊन धरण बरंच खाली गेलेलं असतं. काठावर भेगाळलेला गाळ, कुठेकुठे गावकऱ्यांनी केलेली गाळपेराची शेती, आणि पाणी त्याच्या पलीकडे. पवनेच्या बुडीत क्षेत्रातलं वाघेश्वराचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं, यावरून पातळी किती उतरते याचा अंदाज यावा. (ते बघायला मुद्दाम उन्हाळ्यात जावं असं माझं मत आहे, पण मग ‘पाण्याकाठी झोपायचं’ हा हट्ट सोडून जावं.)

पाणी किती लांब जाईल हे काठाच्या उतारावर ठरतं. वीस फुटाला एक फूट असा मंद उतार असेल तर पातळी १० मीटर खाली गेल्यावर पाणी २०० मीटर मागे सरकतं. उभा काठ असेल तर पाणी जवळ राहतं, पण तिथे उतरणं अवघड आणि लहान मुलांना धोक्याचं. शिवाय जलाशयाचं शेपूट, म्हणजे नदी जिथून आत येते ती बाजू, आधी कोरडी पडते. भिंतीकडच्या खोल भागात पाणी शेवटपर्यंत टिकतं. म्हणून एकाच पवनेच्या दोन गावांमधल्या दोन कॅम्पना मे महिन्यात अगदी वेगळं दृश्य मिळू शकतं.

तपासायचं कसं? धरणसाठ्याची टक्केवारी पुण्यातल्या वर्तमानपत्रांत येतेच, ती बघा. गूगल अर्थवर जुन्या तारखांची उपग्रहचित्रं दिसतात, त्यात मागच्या वर्षीच्या एप्रिल-मेचं चित्र काढून तुमची जागा शोधा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात. ढग नसले तर गेल्या आठवड्याभरातला काठ दिसतो. आणि फोनवर ‘पाणी जवळ आहे ना?’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘हो, समोरच आहे’ हेच येणार. असं विचारा: ‘दादा, तंबूपासून पाण्यापर्यंत आत्ता किती पावलं चालावं लागतं? आजचा एक व्हिडिओ पाठवता का, तंबूपासून पाण्याकडे चालत जाऊन काढलेला?’ ज्याची जागा खरंच चांगली आहे तो दहा मिनिटांत पाठवतो.

पाण्याला चिकटून तंबू मागणं

‘आम्हाला अगदी पहिल्या रांगेत द्या’ हा आग्रह सगळेच धरतात. पहिली रांग दिवसा सुंदर असते. रात्री तीच सगळ्यात ओली आणि गार. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र रात्री थंड हवा उतारावरून खाली येऊन काठाशी साचते, वर पाण्याची वाफ. पहाटे तंबूचं कापड आतून-बाहेरून निथळत असतं. तिथून उतारावर थोडं वर गेलात तरी फरक जाणवतो. अगदी माथ्यावर मात्र जाऊ नका, तिथे वारा असतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पूर्ण संचय पातळीच्या आतली जमीन ही धरण भरल्यावर पाण्याखाली जाणारी जमीन. ती सहसा धरणासाठी संपादित केलेली असते आणि तिथे मांडलेले तंबू कधीही हटवले जाऊ शकतात. जागा खासगी मालकीची आहे की धरणाची, हे विचारायला संकोच करू नका. उत्तर गोलमोल आलं तर पुढचा नंबर लावा. स्वतःच तंबू घेऊन जाणार असाल तर काठावर काडीकचऱ्याची, वाळक्या गवताची एक आडवी रेघ दिसते का बघा. मागच्या वेळी पाणी तिथवर आलं होतं. तंबू तिच्या वर.

जून ते सप्टेंबर हा तर वेगळाच विषय. घाटमाथ्यावर एका रात्रीत पडणारा पाऊस पुण्यातल्या माणसाच्या कल्पनेत बसत नाही. ताम्हिणीकडे पडलेलं पाणी मुळशीत, लोणावळ्याच्या डोंगरावरचं पवनेत, आणि तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं असलं तरी ओढा फुगून येऊ शकतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात हडपसरच्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तिथे लोंढा अचानकच आला होता. धरणाच्या भिंतीखाली नदीपात्रात किंवा ओढ्याच्या सपाट वाळूवर तंबू ठोकायचाच नाही, पावसाळ्यात दरवाजे उघडून विसर्ग वाढवला जातो. धोकादायक पर्यटनस्थळांवर पावसाळ्यात जिल्हाधिकारी मनाई आदेशही काढतात. निघायच्या आदल्या दिवशी ते बघा, नाहीतर नाक्यावरून परत फिरावं लागेल.

वळवाला विसरणं

मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत दुपारी ऊन आणि संध्याकाळी वळीव हा आपल्याकडचा नेम. उघड्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नसतं. बोट बोट लांबीच्या खुंट्यांवर उभा केलेला घुमटाकार तंबू त्यात आतल्या सामानासकट उडतो. म्हणून उन्हाळ्यात जागा निवडताना एक प्रश्न ठेवायचा: वादळ आलं तर पळायला पक्कं छप्पर कुठे आहे? शेतघर, जेवणाची पक्की शेड, नाहीतर जवळ उभी असलेली बंद गाडी. विजा कडाडताना गाडीत काचा लावून बसणं सुरक्षित आहे. माळावरच्या एकट्या झाडाखाली, पाण्यात किंवा तंबूत बसणं नाही. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं. पुण्यात बनलेली इतकी कामाची गोष्ट पुणेकरांच्याच फोनमध्ये नसते.

‘पोहता येतं’ या भरवशावर काठ निवडणं

जलतरण तलावात पोहणाऱ्याला धरण कळत नाही. खाली जुनी नदी, जुन्या विहिरी, बांध, झाडांची खोडं, घरांचे पाये आहेत. दोन पावलांवर कमरेइतकं पाणी आणि तिसऱ्या पावलाला तळच नाही असं होतं. उन्हाळ्यात काठावर गाळ असतो, त्यात पाय रुतला की ओढून काढताना माणूस अजून आत जातो. वरचं पाणी कोमट लागतं, खाली एकदम गार. त्यात कोणी पिऊन रात्री उतरलं तर बोलायलाच नको.

बुकिंग करताना लाइफ जॅकेट आहेत का, बोटिंग असेल तर सगळ्यांना पुरतील इतकी आहेत का, काठावर लक्ष ठेवायला कोणी असतं का, हे विचारा. ‘काही होत नाही हो, सगळेच उतरतात’ असं उत्तर आलं तर ती जागा लहान मुलांसाठी बाद. तरीही कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका, एकाला वाचवायला गेलेले बाकीचेही बुडतात. दोर, लांब काठी, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, काहीही तरंगणारं फेका आणि गावकऱ्यांना हाका मारा. गावातल्या पोहणाऱ्यांना तो काठ माहीत असतो.

शेजार न विचारणं

शांततेसाठी गेलात आणि शेजारच्या कॅम्पवर डीजे. पवनेला शनिवारी रात्री हे सर्रास होतं, कारण आवाज पाण्यावरून फार लांब जातो. समोरच्या काठावरचं गाणंही तुमच्या तंबूत वाजतं. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, पण मध्यरात्री पोलिसांना फोन करून कोणाची सहल चांगली झालेली नाही. एकूण तंबू किती, संगीत किती वाजता बंद होतं, कुटुंबं वेगळी बसवता का, हे आधीच विचारा. सुट्टी मिळत असेल तर रविवारी दुपारी जाऊन सोमवारी सकाळी परता. तोच काठ, अर्धी गर्दी.

संडास आणि पाणी

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि सकाळी सहाला सगळ्यात जास्त महत्त्वाचा ठरतो. किती माणसांमागे एक? पाणी आहे का? आणि सांडपाणी जातं कुठे? पवनेचं पाणी नदीने येऊन पिंपरी-चिंचवडच्या नळाला जातं; पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यातून पुण्याला. काठावरच्या शोषखड्ड्यातून काय झिरपतं याचा विचार एकदा करून बघा. शौचाला उघड्यावर जावं लागलंच तर पाण्यापासून निदान सत्तर-ऐंशी पावलं लांब, खड्डा करून, आणि वर माती ओढून. भांडी धरणात धुवू नका. प्यायचं पाणी घरून न्या.

जनावरांचा विचार न करणं

घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर दुखतही नाही, म्हणून तळ शिवलेला, चेन पूर्ण बंद होणारा तंबू हवा. दगडांच्या रचलेल्या बांधालगत, लाकडाच्या ढिगाशेजारी, वाढलेल्या गवतात जागा घेऊ नका. बूट आत ठेवा, घालताना झटका. साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो भाग हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८. सर्वात जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे जाण्याआधी नकाशावर बघून ठेवा.

जुन्नरकडच्या धरणांवर जाणार असाल तर बिबट्या लक्षात ठेवा. उसाच्या पट्ट्यात त्यांचा वावर नेहमीचा आहे. बिबट्या निवारा केंद्र माणिकडोहलाच आहे. उरलेलं मटण तंबूमागे टाकलं की कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. मुलांना अंधारात एकटं सोडू नका.

तिथे पोहोचल्यावर लक्षात आलं तर

खुंट्या मुरमात शिरत नसतील तर ठोकत बसू नका, दोर मोठ्या दगडांना बांधा. गाळाच्या मऊ जमिनीत उलटी अडचण: खुंटी लगेच निघते. तिथे फांदी किंवा खुंटी आडवी पुरून तिला दोर बांधला की धरते. तंबूचं दार वाऱ्याच्या दिशेला असेल तर अंधार पडायच्या आत फिरवून घ्या.

पाऊस नसताना तंबू आतून ओला होत असेल तर तो गळत नाहीये. तुमच्याच श्वासाची वाफ आहे. थंडी वाजते म्हणून लोक सगळ्या खिडक्या बंद करतात आणि ओल वाढते. वरच्या बाजूची जाळी थोडी उघडी ठेवा, अंगाखाली जाड काहीतरी घाला. गारठा वरून येतो त्याहून जास्त जमिनीतून येतो. आणि कितीही थंडी असली तरी शेगडी, निखाऱ्यांचं घमेलं किंवा बार्बेक्यूचा उरलेला कोळसा तंबूत न्यायचा नाही. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

रस्त्याचं एक. शनिवारी दुपारी चारनंतर पवनेला लोणावळ्याकडून जाऊ नका. कामशेतवरून पवनानगरला उतरा, नाहीतर कोथरूड-बावधनकरांनी पौडवरून जवण, तिकोना पेठेचा रस्ता धरावा. शेवटचा टप्पा उजेडात संपवा. बऱ्याच ठिकाणी रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि जागेचं नाव घरी सांगून निघा.

पैशांचं दुसरं. सगळी रक्कम आधी देऊ नका. थोडा ॲडव्हान्स, बाकी जागा बघून. ज्या नावाने बुकिंग आहे त्याच नावाच्या खात्यात पैसे जातायत ना, हे यूपीआयचा पिन टाकण्याआधी वाचा. आणि पोहोचल्यावर तंबू ओढ्यात, पाणी अर्ध्या किलोमीटरवर आणि शेजारी दोन स्पीकर अशी अवस्था दिसली तर दुसरा तंबू मागा. तो नसेल तर उजेड आहे तोवर निघा. पवनेहून घरी यायला दोनेक तास लागतात. ॲडव्हान्स बुडाला तर बुडाला, वाटेत कामशेतला जेवून रात्री आपल्या गादीवर झोपता येतं.