शरदातल्या चिनी डोंगरकविता वाचाव्यात कशा

सुरुवात दोनच कवितांनी करा, दोन्ही चीनच्या थांग राजवटीच्या काळातल्या. डू मू (803–852) याची 'डोंगरवाटेवर' म्हणजे चार ओळी, 28 अक्षरं. आठव्या शतकातल्या वांग वेईची 'डोंगरवस्तीतली शरदसंध्या' म्हणजे आठ ओळी, 40 अक्षरं. जाडजूड संग्रह सलग वाचायचा सल्ला ऐकू नका. विसाव्या कवितेपर्यंत सगळे डोंगर सारखेच दिसू लागतात.

आधी चिनी वाचन ऐका. डू मूच्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या शेवटी 'शिआ, जिआ, हुआ' हे यमक पारंपरिक उच्चारात कानाला लगेच कळतं.

आपला शरद बाजूला ठेवा. इथे ऑक्टोबरची तलखी नाही, दहिवर आहे, म्हणजे गोठलेलं दव. त्या दहिवरातली पानं लाल असतात, वसंतातल्या फुलांहूनही लाल. डू मूची शेवटची ओळ हेच सांगते.

मग प्रत्येक अक्षराखाली एकेक मराठी शब्द लिहा. खरी अडचण इथून पुढे.

या ओळींत बहुधा कर्ता नसतो, काळ नसतो, लिंग-वचन नसतं. मी कित्येक महिने प्रत्येक ओळीत 'मी' घुसडत होतो आणि हाती प्रवासवर्णन येत होतं. मराठी क्रियापद चुगली करतं. 'चढत गेलो' म्हटलं की एक पुरुष समोर उभा राहतो, 'चढत गेले' म्हटलं की बाई. पण 'गाडी थांबवली' यात कोणीच दिसत नाही! मराठीतल्या अशाच रचना शोधा. 'थंड डोंगरात दूरवर तिरकी चढत गेलेली दगडी पाऊलवाट' एवढं पुरे; तिथे माणूस उभा करू नका.

डू मूच्या या कवितेत एक अक्षर हमखास फसवतं. त्याचा नेहमीचा अर्थ 'बसणं', म्हणून लोक कवीला लाल पानांखाली बसवतात. इथे त्याचा अर्थ 'कारण' असा आहे: गाडी थांबवली, कारण मॅपलच्या रानातली संध्याकाळ भावली. कोणी बसलेलं नाही.

शब्दांचा क्रमही मोडू नका. पाच अक्षरांच्या ओळीत दोन अक्षरांनंतर किंचित थांबा असतो. वांग वेई लिहितो: 'वेळूत गलबला, परतणाऱ्या धुणेकरणी, कमळं हलली, उतरणारी कोळ्याची नाव'. 'धुणं धुऊन बायका परतल्या म्हणून वेळूच्या बनात गलबला झाला' असं सरळ केलंत की कविता मेली. आवाज आधी येतो, बायका नंतर दिसतात. संधिप्रकाशात कळतं ते याच क्रमानं.

वांग वेईच्या मधल्या जोडओळी कागदावर एकीखाली एक लिहा. 'तेजस्वी चंद्र पाइनांमधून झळकतो, निर्मळ झरा खडकांवरून वाहतो.' चंद्राखाली झरा येतो, पाइनांखाली खडक, झळकण्याखाली वाहणं. एकदा नजर वर जाते, एकदा खाली. वरचा उजेड मुका, खालचं पाणी बोलकं. कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा हा कागद जास्त शिकवतो.

टिपा सगळ्यात शेवटी वाचा, पण वांग वेईच्या अखेरच्या ओळीची टीप चुकवू नका. चू प्रदेशाच्या गीतांच्या प्राचीन संग्रहात राजपुत्राला हाक आहे: परत ये, डोंगरात फार काळ राहता येत नाही. वांग वेई ती हाक उलटवतो. वसंताचा बहर ओसरला तर ओसरू दे, राजपुत्रानं खुशाल इथेच राहावं.