नागपुरात राहून ग्रहांच्या वरच्या वातावरणाचा अभ्यास कसा करावा

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथून अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. या विषयातील बरेचसे काम यानांच्या व वेधशाळांच्या नोंदींवर चालते आणि त्यांपैकी पुष्कळ नोंदी विनामूल्य मिळतात. पदवी स्तरावरचे भौतिकशास्त्र व पायथन या संगणकीय भाषेची ओळख असली की सुरुवात करता येते.

प्रथम पृथ्वीवरचे एक भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांमुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात उठलेली खळबळ, निवडावे. १० व ११ मे २०२४ च्या भूचुंबकीय वादळात लडाखमधील हानले येथून क्षितिजाजवळचा लाल प्रकाश कॅमेऱ्यांनी टिपला. क्योतो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या दिवसांचा डीएसटी निर्देशांक, म्हणजे वादळात पृथ्वीचे चुंबकक्षेत्र किती क्षीण झाले ते सांगणारा आकडा, घ्यावा (तो उणे ४०० नॅनोटेस्लाच्याही खाली गेला होता) आणि अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदींशेजारी त्याचा आलेख काढावा. वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, म्हणून भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावेत.

तो प्रकाश लाल का होता, हे नीट समजून घ्यावे. ६३०.० नॅनोमीटरचा लाल किरण सोडण्यापूर्वी ऑक्सिजनचा उत्तेजित अणू सरासरी शंभराहून अधिक सेकंद थांबतो. दाट हवेत तेवढ्या अवधीत टक्करींनी त्याची ऊर्जा हिरावली जाते, त्यामुळे लाल रंग मुख्यतः २०० किमीच्या वरच टिकतो. ५५७.७ नॅनोमीटरच्या हिरव्या किरणाला एक सेकंदही लागत नाही, म्हणून तो १०० किमीच्या आसपासही दिसतो. हाच हिरवा किरण वादळ नसतानाही हवेतून मंदपणे निघतो. २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पातून, चंद्र नसलेल्या रात्री, रुंद भिंगाने दीर्घ उद्भासन (एक्स्पोजर) देऊन तो टिपण्याचा प्रयत्न अवश्य करावा.

यानंतर मंगळ घ्यावा. मंगलयानावरील मेन्का या, वायू त्यांच्या रेणूंच्या किंवा अणूंच्या वस्तुमानानुसार मोजणाऱ्या, उपकरणाच्या नोंदी इस्रोच्या प्रदान संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. यान मंगळापासून दूर असतानाचे वाचन ही बव्हंशी यानातूनच सुटणाऱ्या वायूंची पार्श्वभूमी असल्यामुळे ते आधी वजा करावे. मग वस्तुमान ४४ चा कार्बन डायऑक्साइड व १६ चा ऑक्सिजन यांपैकी प्रत्येकाच्या प्रमाणाचा लॉगरिदम उंचीसमोर वेगवेगळा मांडावा. वस्तुमान २८ मात्र बाजूला ठेवावे, कारण तेथे नायट्रोजन व कार्बन मोनॉक्साइड एकत्र येतात. तापमान स्थिर मानले, तर रेषेच्या उतारावरून स्केल हाइट (जेवढे वर गेल्यावर वायूचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर येते ते अंतर), आणि तिच्यावरून तापमान मिळते. २७० केल्विनला २५० किमी उंचीवर ती कार्बन डायऑक्साइडसाठी सुमारे १६ किमी, तर ऑक्सिजनसाठी सुमारे ४३ किमी येते. जड वायू लवकर विरळ होतो आणि हलका वर पुरून उरतो. डिसेंबर २०१४ मधील सायंकाळच्या नोंदींत ऑक्सिजनने २७० किमीच्या आसपास कार्बन डायऑक्साइडला मागे टाकल्याचे आढळले होते. आपल्या दोन रेषा कोठे छेदतात, ते या आकड्याशी ताडून पाहावे.

गुरूचा अरोरा सर्वांत प्रखर असला, तरी माझ्या मते त्याने सुरुवात करू नये. तेथे सौर वाऱ्यापेक्षा (सूर्यापासून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोतापेक्षा) ग्रहाचे वेगवान परिवलन आणि आयो उपग्रहावरील ज्वालामुखींतून आलेले द्रव्य अधिक प्रभावी ठरते, त्यामुळे पृथ्वीवर शिकलेली कारणमीमांसा जशीच्या तशी लागू पडत नाही. मंगळाला जागतिक चुंबकक्षेत्र नाही, म्हणून मेन्काच्या नोंदींनंतर नासाच्या मॅव्हेन यानाने डिसेंबर २०१४ मध्ये मंगळावर टिपलेला विसरित, म्हणजे विस्तृत भागात पसरलेला, अरोरा अभ्यासावा आणि तेथील इलेक्ट्रॉन १०० किमीच्याही खाली कसे पोहोचले, हा प्रश्न पुढील कामासाठी घ्यावा.