सकाळचा नाश्ता: या चुका टाळा

आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, "सकाळी काय खाता?" उत्तर ठरलेलं असतं, "चहा-बिस्किट, मग एकदम जेवण." तक्रारही ठरलेली: अकरा वाजले की डोकं दुखतं, चिडचिड होते आणि दुपारी जरा जास्तच जेवण होतं.

चहा-बिस्किट हा नाश्ता नव्हे. पुडा उलटा करून घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने जास्त, तो आधी छापावा लागतो. तिथे बहुतेक वेळा पहिला मैदा असतो, पाठोपाठ साखर आणि पामतेल. 'डायजेस्टिव्ह' किंवा 'मल्टीग्रेन' नावावर जाऊ नका, तीही यादी वाचा. खारी-टोस्टचंही तेच.

पोहे-उपमा करणाऱ्यांची चूक वेगळी. बशीभर पोह्यांतून जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात. मी पोह्यांत मूठभर शेंगदाणे आणि वाफवलेली मोडाची मटकी घालते आणि वरून लिंबू पिळतेच, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वाने अन्नातलं लोह नीट शोषलं जातं. त्याच बशीबरोबर चहा घेतलात, तर त्यातली टॅनिन लोहाला अडवतात. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांना हे सांगून सांगून मी थकले: खाणं आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा.

फळांचा रस काढू नका, फळ चावून खा. साबुदाण्याची खिचडी उपासापुरती ठीक, रोजच्या नाश्त्याला नको. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसं काही नसतं.

जिवावर बेतणारी चूक म्हणजे मधुमेहाची गोळी घेऊन नाश्ता बुडवणं. आमच्या सोसायटीतले एक काका ग्लिमेपिराइड घेतात. पोटात अन्न असो वा नसो, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि त्याने रक्तातली साखर उतरते, म्हणून ती नाश्त्याबरोबर घ्यायची असते. वजन उतरवण्यासाठी कुणीतरी काकांना सकाळचं खाणं सोडायला सांगितलं. गोळी घेऊन ते तसेच फिरायला गेले. मला दिसले तेव्हा बाकावर बसले होते. शर्ट घामाने चिंब, हात थरथरत होते, आणि रोज हाक मारणाऱ्या माणसाला माझं नाव आठवेना. भोवतालचे म्हणत होते, "ॲसिडिटी असेल, गार पाणी द्या." मी वॉचमनकडून साखर मागवली आणि चार चमचे पाण्यात विरघळवून पाजली. काकू ग्लुकोमीटर घेऊन आल्या. पंधरा मिनिटांनी मोजली तरी साखर 62 होती. 70 च्या खाली म्हणजे धोका, म्हणून पुन्हा साखरपाणी दिलं. आकडा वर आल्यावर दूध-भाकरी खायला घातली. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपास करायचाच असेल, तर मात्रा आणि वेळ आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ओळखीच्यांचा सल्ला इथे चालत नाही.

सोमवारी चिया, बदामाचं दूध आणि मसाला ओट्सची पाकिटं एकदम घरात आणणाऱ्यांची मला काळजी वाटते. आठवडा संपायच्या आत ते वडापावच्या गाडीवर परतलेले असतात. भाजणीचा डबा भरलेला असेल तर यातल्या कशाचीच गरज नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद एकत्र दळलेले असतात, आणि धान्याला डाळीची जोड मिळाली की प्रथिनांचा कस वाढतो. पीठ तयार असलं की थालीपीठ लावायला फार वेळ लागत नाही. सोबत वाटीभर दही घ्या.

"सकाळी भूकच नसते" म्हणणाऱ्यांनी रात्रीचं जेवण आठच्या आत उरकून बघावं. तोवर नाचणीची आंबील प्या. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. रात्री दोन चमचे पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवायचं आणि मीठ-जिरेपूड घालून कोमट असतानाच प्यायचं.