जुनं डोमेन घेताय? आधी त्याची कुंडली बघा
मुदत संपलेलं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) विकणारा ‘अथॉरिटी ४५’ असा आकडा नाचवतो. तो गूगलचा नसतो, साइट शोधात किती वर येईल याचा मॉझसारख्या कंपन्यांचा अंदाज असतो. त्यापेक्षा वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात त्या पत्त्याची जुनी पानं वर्षागणिक उघडा. आधी पाककृती आणि मधेच दोन वर्षं ऑनलाइन जुगार दिसला, तर तिथूनच मागे फिरा. मग बॅकलिंक, म्हणजे इतर साइटवरून तिकडे येणाऱ्या लिंका, तपासा; किती आहेत ते सोडा, कुठल्या शब्दांवर आहेत ते वाचा. पुरणपोळीच्या साइटला गोळ्या-औषधांच्या नावांनी शेकडो लिंका? कुठेतरी पाणी मुरतंय. गूगलच्या माणसांनी साइटला दिलेली शिक्षा, म्हणजे मॅन्युअल कारवाई, मात्र सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात मालकी सिद्ध केल्यावरच दिसते, म्हणजे पैसे मोजून झाल्यावर! आणि जुन्या नावाच्या पुण्याईवर भलताच फालतू मजकूर चढवणं मार्च २०२४ पासून गूगलच्या नियमांत स्पॅम ठरतं.